वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत सरकार बंद पडतं म्हणजे काय होतं?

प्रश्न (सांगलीहून एक वाचक) : माझी भाची अमेरिकेत असते. २०१८ च्या शेवटी तिथं शटडाऊन झालं तेव्हा ती सांगत होती की म्युझियम बंद आहेत आणि एअरपोर्टवर बॅगा तपासणारे बिनपगारी कामावर येतायत. एवढा मोठा देश आणि सरकारच बंद? त्यांच्या घटनेत काही चूक राहून गेली का?

उत्तर : चूक नाही, ज्या कलमामुळे हे होतं ते मुद्दाम घातलेलं आहे. कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही असं तिथं स्पष्ट लिहिलंय, आणि कायदा म्हणजे काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, हाऊस आणि सिनेट या दोन्ही सभागृहांत पास आणि वर प्रेसिडेंटची सही, आणि प्रेसिडेंटने व्हेटो मारला तर दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं जमवायची, म्हणजे कुणीही एक जण अडून बसला की गाडी अडली. त्या वेळी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून अडलं आणि ३५ दिवस अनेक खात्यांचं काम थांबलं. ऑफिसं बंद ठेवायची पद्धत मात्र जुनी नाही. १९८० मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, मत दिलं की मंजुरी नसताना काम चालू ठेवणं बेकायदेशीर आहे, त्याआधी मंजुरी लांबली तरी ऑफिसं बहुतेक चालूच राहायची.

आपल्याकडे लोकसभेत बजेट पडलं तर सरकारच जातं, त्यामुळे असा पेच उभाच राहत नाही. तिकडे काँग्रेस अविश्वास ठराव आणून प्रेसिडेंटला घालवू शकत नाही आणि प्रेसिडेंट काँग्रेस बरखास्त करू शकत नाही, दोघंही आपापली मुदत घेऊन आलेले. महाभियोग आहे पण तो गंभीर गैरवर्तनासाठी, आणि त्यालाही सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या घटनेचा मसुदा मांडताना हाच फरक सांगितला होता की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी, आणि आपण जबाबदारीला जास्त महत्त्व दिलंय.

आता घटना लिहिणाऱ्यांनी असं का केलं हे समजायचं तर १७८७ च्या आधीची काही वर्षं बघायला पाहिजेत, आणि मला वाटतं की शाळेत नेमका हाच भाग सुटतो, आपण १७७६ ची स्वातंत्र्याची घोषणा शिकतो आणि थेट वॉशिंग्टनवर येतो. मधल्या काळात त्यांचं वेगळंच सरकार होतं. राजाचा इतका धसका घेतला होता की प्रेसिडेंट नाही, देशाची अशी कोर्टं नाहीत, प्रत्येक राज्याला एक मत, आणि मुख्य म्हणजे काँग्रेसला टॅक्स लावायची पॉवरच नाही, फक्त राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यं देतील तेवढे घ्यायचे. आयात मालावर ५ टक्के कर लावायचं ठरलं, त्याला तेराही राज्यांची संमती हवी होती, आणि १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटल्यावर विषय संपला. सैनिकांचे पगार थकले. मग १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले शेतकरी उठले, त्यातले कितीतरी स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, हातात नाणं नाही आणि राज्य कर नाण्यात मागतंय, कर्जापायी जमिनी जातायत, म्हणून त्यांनी कोर्टंच बंद पाडली. डॅनियल शेज नावाचा माजी कॅप्टन त्यांचा एक पुढारी. जानेवारी १७८७ मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, आणि काँग्रेसकडे ना पैसा ना फौज, शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्यातून राज्याने फौज उभी केली.

त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात राज्यांच्या प्रतिनिधींचं अधिवेशन बसलं, आजची घटना तिथंच लिहिली गेली. एकूण ५५ जण आले, ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. चर्चा बाहेर फुटू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद, दारावर पहारा, आणि त्यांच्यातलेच एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन अगदी पुढे बसून कोण काय बोललं ते लिहून घ्यायचे. ती टिपणं छापली गेली १८४० मध्ये, ते गेल्यानंतर. या लोकांना एकाच वेळी दोन भीती होत्या, सगळी सत्ता एका हातात जाण्याची आणि सरकार पांगळं राहण्याची. म्हणून पॉवर दिली पण वाटून दिली. अधूनमधून होणारं शटडाऊन ही त्याची किंमत आहे आणि ती त्रासदायक आहे, पण पैशाची किल्ली एका माणसाच्या हातात नाही हे मला आजही मोलाचं वाटतं.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक) : कॅलिफोर्नियाला दोन सिनेटर आणि वायोमिंगलाही दोनच, हा कुठला न्याय?

उत्तर : न्याय नाही, तडजोड आहे. १७८७ च्या त्याच अधिवेशनात डेलावेअर या लहान राज्याच्या प्रतिनिधींना घरूनच सांगून पाठवलं होतं की प्रत्येक राज्याला समान मत हे सोडायचं नाही. त्यांच्यातल्या गनिंग बेडफर्डनी तर ३० जूनला सरळ धमकी दिली की लहान राज्यं परदेशी मित्र शोधतील. १६ जुलैला मतदान झालं, हाऊस लोकसंख्येवर आणि सिनेट समान, ५ राज्यं बाजूने आणि ४ विरोधात, मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींची मतं अर्धी-अर्धी फुटली. न्यूयॉर्कचे दोघे चिडून निघून गेलेले, न्यू हॅम्पशायरचे अजून पोचायचेच होते, म्हणजे इतका मोठा निर्णय दहा राज्यांत आणि एका मताने. मॅडिसन स्वतः विरोधात होते. आज कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी लोक आहेत आणि वायोमिंगमध्ये सहा लाखही नाहीत, त्यामुळे हे मला पटत नाही, पण कुठल्याही राज्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय त्याचं सिनेटमधलं समान मत काढता येत नाही असंही घटनेतच लिहून ठेवलंय.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक) : घटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी करायची आणि माणसं गुलाम ठेवायची, हे कसं चालवून घेतलं?

उत्तर : चालवून घेतलं, आणि ते झाकायचाही प्रयत्न केला. मूळ घटनेत गुलाम हा शब्दच नाही, ‘इतर व्यक्ती’ असं लिहिलंय. हाऊसमधल्या जागा ठरवताना त्यांची तीन पंचमांश मोजणी करायची, म्हणजे मत शून्य आणि त्यांच्या जिवावर मालकांच्या राज्यांना जास्त जागा. वर १८०८ पर्यंत गुलामांची आयात काँग्रेसने बंद करायची नाही, आणि पळालेला माणूस मालकाला परत द्यायचा. हे नसतं तर दक्षिणेची राज्यं आली नसती असं म्हणतात, पण त्याची किंमत त्या खोलीत नसलेल्या माणसांनी भरली.

यादवी युद्धात लाखो माणसं मेल्यावर १८६५ मध्ये घटनेच्या १३ व्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती याच कामासाठी. १८६८ ची १४ वी दुरुस्ती तर तुम्हा तिकडे राहणाऱ्यांनी आवर्जून वाचावी. मुक्त झालेल्या लोकांना नागरिक ठरवायला ती केली, आणि तिच्याच आधारावर १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याला नागरिक ठरवलं, आईवडील चिनी होते आणि त्यांना स्वतःला नागरिक होता येत नव्हतं तरीही.