जुन्या डेस्कटॉपचा राउटर करताना

अक्कलकोट रोडच्या कारखान्यातलं ऑफिस आणि मागचा माग-विभाग जोडायला जुना डेस्कटॉप पुरतो, दादा. दुसरं लॅन कार्ड बसव, लिनक्स टाक. दोन्ही बाजूंचे पत्ते मात्र वेगळेच हवेत: ऑफिसला १९२.१६८.१.०/२४, मागांकडे १९२.१६८.२.०/२४ (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे नेटवर्कचे, शेवटचा मशीनचा). दोन्हीकडे एकच रेंज ठेवलीस, तर पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठल्या कार्डातून बाहेर काढायचं हे मशीनला कळणारच नाही. डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायची नेहमीची वाट, फक्त इंटरनेटकडच्या कार्डावर दे.

आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका कार्डावरचं पॅकेट दुसऱ्यावर पुढे पाठवणं, लिनक्समध्ये सहसा बंद असतं. ते सुरू कर, आणि रीस्टार्टनंतरही टिकेल असं sysctl च्या (लिनक्सच्या गाभ्याच्या सेटिंग्जच्या) फाइलमध्ये लिही.

नवखे अडकतात ते परतीच्या वाटेवर. मागांकडून ऑफिसच्या पीसीला पिंग (जोडणी तपासायचा छोटा संदेश) जातो, उत्तर येत नाही, कारण पीसी ते उत्तर ऑफिसच्या इंटरनेट राउटरकडे देतो आणि त्याला २.० चं, म्हणजे मागांकडचं, नेटवर्क माहीतच नसतं. राउटरमध्ये स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेली वाट, घाल: २.० साठी पुढचा पत्ता तुझ्या डेस्कटॉपचा, ऑफिसकडच्या कार्डावरचा. तरीही विंडोज पीसी गप्प असेल तर त्याची फायरवॉल बघ. दुसऱ्या सबनेटचा (पत्त्यांच्या रेंजचा) पिंग ती बऱ्याचदा अडवते. एनएटी (मागांकडचे पत्ते डेस्कटॉपच्या पत्त्यामागे लपवणं) लावून हे झाकू नकोस, पुढे बिघाड शोधणं फार जड जातं.

आणि डबा मागांजवळ ठेवू नकोस. सुताची धूळ पंख्यात बसते, त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा.