कार्बला कानस लावू नका

कोल्हापूरहून एकाने विचारलंय: वडिलांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल, जुना कार्ब (कार्ब्युरेटर, इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) गेला म्हणून दिल्लीच्या एकाकडून 'ओरिजिनल जुना स्टॉक' असं सांगितलेला मिकुनी कंपनीचा कार्ब मागवला, ४,२०० यूपीआयने दिले, बिल नाही. वीस दिवस झाले, कार्बच्या आत वर-खाली सरकणारी स्लाइड अडकते, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, मेस्त्री म्हणतात डुप्लिकेट. विकणारा म्हणतो एकदा बसवलेला माल परत नाही. ४२० लावता येईल का, आणि पिस्टन सीझ (जाम) झालं त्याचे ६,००० मिळतील का?

दादा, आधी मेस्त्रींना फोन करा आणि सांगा स्लाइडला कानस लावू नका. थोडं घासलं की बसेल म्हणतात ते, आणि एकदा घासलं की समोरचा वकील पहिला हेच विचारणार की बिघाड आधीचा की तुमच्या मेस्त्रीचा. कार्ब काढून आहे तसा डब्यात ठेवा, बॉडीवरच्या अक्षरांचे जवळून फोटो, खोकं, पार्सलचं लेबल सगळं जपा, आणि जुना कार्ब भंगारात घालू नका, दोन्ही शेजारी ठेवले की फरक कुणालाही दिसतो.

४२० आता राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, पण तिथे विकतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं आणि तो सरळ म्हणणार मला पण वरून असाच माल आला. ग्राहक आयोगात एवढं लागत नाही, सांगितलं एक आणि दिलं दुसरं हे पुरतं. बिल नाही म्हणून घाबरू नका, २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, यूपीआयची एंट्री आणि त्याचा 'ओरिजिनल आहे' वाला व्हॉट्सॲप मेसेज हाच तुमचा पुरावा, तो डिलीट होऊ देऊ नका. सदोष माल परत घ्यायची मुदत बिलात नसेल तर कायदा ३० दिवस धरतो, तुमचे वीस गेलेत, तेव्हा पैसे परत मागणारं पत्र आजच स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सॲपवर पाठवा.

नाही ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा आयोग. दिल्लीला जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथेच म्हणजे कोल्हापुरात तक्रार चालते, ५ लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं, आणि वकील लागतोच असं नाही (हे आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये सांगू नका).

राहिले पिस्टनचे ६,०००. इथे जपून. आरएक्सला ऑइल पंप वेगळा, त्याची केबल ॲक्सिलरेटरच्याच केबलला जोडलेली, कार्ब बदलला की ती परत सेट करावी लागते, आणि समोरचा हेच म्हणणार की ऑइल कमी पडून सीझ झालं, कार्बचा काय संबंध. तेव्हा केबल सेट केली होती का हे मेस्त्रींना विचारा. हो म्हणाले तर तसं बिलावर लिहून सही घ्या आणि ते पैसे पण मागा, नाही म्हणाले तर फक्त ४,२०० आणि कुरिअरचा खर्च मागा.