निवासमंडप की दर्शनमंडप?

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलातल्या 'निर्गम' पुस्तकात इस्राएल लोकांच्या वाळवंटातल्या उपासनेच्या एकाच तंबूला कधी 'निवासमंडप' म्हटलंय, तर कधी 'दर्शनमंडप'. ही भाषांतरकाराची हौस की मुळातच दोन शब्द? आणि 'शेखिना'चा याच्याशी काय संबंध?

शब्द मुळातच दोन आहेत. निवासमंडप म्हणजे हिब्रू 'मिश्कान' आणि दर्शनमंडप म्हणजे 'ओहेल मोएद'. 40व्या अध्यायाच्या शेवटी तर दोन्ही एकाच वाक्यात येतात: मेघ (देव जवळ असल्याची खूण) ओहेल मोएदवर पसरतो आणि देवाच्या तेजानं मिश्कान भरून जातो.

मिश्कानचा धातू श-क-न. अरबी स-क-न त्याचा सख्खा भाऊ. शालोमचा सलाम होतो तसाच इथेही शचा स. त्या अरबी धातूचं एक पिल्लू आपल्या जुन्या दस्तांत सापडतं: 'साकीन मौजे अमुक' यातला साकीन, म्हणजे राहणारा. तेव्हा 'निवास' चूक नाही, पण तो जरा जास्तच ऐसपैस वाटतो. बायबलातल्याच 'गणना' पुस्तकाच्या 9व्या अध्यायात मेघ तंबूवरून उठला की लोक कूच करतात आणि तो टेकेल तिथे डेरा टाकतात, मग तो दोन दिवस थांबो की महिनाभर. मेघाच्या त्या टेकण्यालाही हेच क्रियापद आहे. पुढे दाविद राजाच्या मनात देऊळ बांधायचं येतं, तेव्हा देव म्हणतो की मिसरातून तुम्हाला आणल्यापासून मी घरात राहिलेलो नाही, तंबूतून आणि मिश्कानातून फिरत आलो (2 शमुवेल 7). त्यातल्या 'राहण्या'ला मात्र 'याशव' आहे, म्हणजे बसणं, ठाण मांडणं. माझ्या मते मिश्कानला सगळ्यात जवळचा मराठी शब्द 'मुक्काम'.

वास्तूही तशीच होती. बाभळीच्या 48 फळ्या, प्रत्येकीला खाली दोन कुसं, ती चांदीच्या उथळ्यांत बसवायची; वर बकऱ्याच्या केसांचे 11 पडदे. वाड्याच्या खांबाखालचा उथळा एकदा बसला की बसला, इथे उथळ्याही प्रवासाला निघायच्या! फळ्या नि उथळ्या मरारी घराण्याकडे, त्यांना 4 गाड्या आणि 8 बैल. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) मात्र खांद्यावरूनच न्यायचा, आणि त्याच्या कड्यांतले दांडे मुक्कामातही काढायचे नाहीत अशी आज्ञा. घालायचा आणि काढायचा म्हणून 'मंडप' हा शब्द चपखल आहे.

'दर्शना'बद्दल मात्र माझी तक्रार आहे. दर्शनमंडप म्हटलं की आपल्याला पंढरपूरची रांग आठवते. इथे रांग नव्हतीच; सामान्य माणूस अंगणापर्यंत, आतल्या परमपवित्रस्थानात तर फक्त महायाजक, तोही वर्षातून एकदा. 'मोएद' म्हणजे ठरवून झालेली भेट किंवा ठरलेली वेळ. सणांनाही हाच शब्द आहे. संस्कृत काव्यातलं 'संकेतस्थान' अर्थानं अगदी जवळ, पण आज 'संकेतमंडप' लिहिलं तर लोक वेबसाइट शोधायला लागतील. 'भेटीचा तंबू' साधा आणि बरोबर.

दोन नावांमागे देवाच्या सान्निध्याच्या दोन कल्पना आहेत. 'निर्गम'च्या 33व्या अध्यायात इस्राएलांचा पुढारी मोशे छावणीबाहेर, लांबवर तंबू ठोकतो; त्याचंही नाव ओहेल मोएद. तिथे मेघ दाराशी उतरतो आणि देव मोशेशी बोलतो, म्हणजे देव भेटीला येतो. मिश्कान मात्र छावणीच्या मधोमध, तिथे देव लोकांत वस्तीला आहे. दोन वेगळ्या परंपरा पुढे एकत्र विणल्या गेल्या, असं बरेच अभ्यासक मानतात. 25:8 मधली आज्ञाही बारकाईनं वाचावी: पवित्रस्थान बांधा, म्हणजे मी 'त्यांच्यामध्ये' राहीन. 'त्यामध्ये' नव्हे.

शेखिना त्याच श-क-नची लेक (हिब्रूत स्वरानंतर आलेल्या कचा ख होतो). हा शब्द बायबलात नाही, नंतरच्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, वाङ्मयातला आहे: देवाचं वस्तीला असणं, त्याचं सान्निध्य. हिब्रूत तो स्त्रीलिंगी आहे, म्हणून मराठीतही 'ती शेखिना' लिहावं.

जाता जाता, 'ओहेल' पुण्यात कॅम्पातही आहे. ज्याला सगळे लाल देऊळ म्हणतात त्या सिनेगॉगचं (ज्यू प्रार्थनास्थळाचं) नाव ओहेल दाविद, म्हणजे दाविदाचा तंबू.