'सार्वजनिक प्रयोजन' म्हणजे नेमकं काय? निवाड्याचे पैसे उचलले तर वाढीव मोबदला मागता येतो का?

रस्ता, तलाव, रेल्वे अशा लोकोपयोगी कामासाठी सरकार जमीन घेतं, त्या कारणाला 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यातल्या कलम 11 ची अधिसूचना निघाल्यावर 60 दिवसांत त्यावरही हरकत घेता येते. ती लेखीच द्या आणि पोच घ्या.

'निवाडा' म्हणजे मोबदल्याचा आदेश. याच कायद्यात बाजारमूल्यावर ठरलेल्या भरपाईइतकीच, म्हणजे 100 टक्के, दिलासा रक्कम वर मिळते.

आता पैशाचं. उचला, पण पावतीवर 'हरकत राखून' असं सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा. आमच्या वडिलांनी बीडमध्ये नुसती सही केली. विहीर आणि 11 आंब्याची झाडं धरलीच नव्हती, आणि वाढीव मागायची वाट तिथंच बंद झाली. म्हणून कळकळीनं सांगतो, संयुक्त मोजणीला शेतात हजर राहा, विहीर, झाडं, पाईपलाईन सगळं पंचनाम्यात लिहून घ्या.

निवाड्याच्या वेळी हजर असाल तर कलम 64 चा, म्हणजे वाढीव मोबदल्याचा, अर्ज 6 आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. राष्ट्रीय महामार्गात जमीन जात असेल तर वाट वेगळी: हरकतीला 21 दिवसच, आणि वाढीव मोबदल्यासाठी लवादाकडे जावं लागतं. नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी बघा.