होमोसिस्टीनवर काम सुरू करण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

प्रस्तावाचा मसुदा वाचला. रक्तातलं होमोसिस्टीन, म्हणजे मेथिओनिन या अमिनो आम्लापासून शरीरात बनणारं आणि बी-१२ किंवा फोलेट (फॉलिक आम्ल) कमी पडलं की साचणारं अमिनो आम्ल, वाढल्याने रक्तवाहिन्यांचा आजार होतो का, हा तुझा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, पण दुसऱ्याच परिच्छेदात तू उत्तर गृहीत धरून पुढे गेली आहेस. त्यामुळे नुसती भाषा सुधारून भागणार नाही, मांडणीच बदलावी लागेल.

मूळ कल्पना किल्मर मॅककुली या बोस्टनच्या विकृतिशास्त्रज्ञाची, १९६९ सालची. त्याचा युक्तिवाद नीट समजून घे, कारण कारणमीमांसा कशी करावी याचा तो उत्तम नमुना आहे. होमोसिस्टिन्युरिया या जन्मजात विकाराची दोन मुलं. एकात होमोसिस्टीन हटवणारं सिस्टाथायोनिन बीटा-सिंथेज हे विकर (एन्झाइम) निकामी, म्हणून होमोसिस्टीनही वाढलेलं आणि मेथिओनिनही. दुसऱ्या बाळात दोष बी-१२ च्या चयापचयात, तिथे मेथिओनिन वाढलेलं नव्हतं. दोघांच्या धमन्यांमधली विकृती मात्र सारखीच. दोन वेगळ्या दोषांत सामाईक गोष्ट एकच उरते, ती होमोसिस्टीन. इथवर तर्क भक्कम आहे.

अडचण पुढच्या उडीत आहे. उपचार न झालेल्या या मुलांच्या रक्तात एकूण होमोसिस्टीन लिटरला १०० मायक्रोमोलच्या वर असतं. निरोगी माणसात ते साधारण ५ ते १५, आणि तुझ्या अभ्यासातल्या बहुतेकांचं १५ ते ४० च्या दरम्यान येईल. शंभरीपार जे घडतं ते विसावर थोड्या प्रमाणात घडेलच, असं नाही. शिवाय त्या मुलांच्या धमन्यांत तंतुमय जाडी जास्त आणि चरबी कमी असते, आणि त्यांना खरा धोका गुठळ्यांचा, त्यातही शिरांमधल्या गुठळ्यांचा. म्हणून ‘रक्तवाहिन्यांचा आजार’ असं मोघम लिहू नकोस. हृदयधमनीतला चरबीचा थर, मेंदूतला झटका, पायातली गुठळी यांतलं नेमकं काय ते पहिल्या ओळीतच ठरव.

उपचार-चाचण्यांचा भाग तू चार ओळींत उरकला आहेस, तिथे मात्र थांबायला हवं होतं. नॉर्वेतल्या ‘नॉर्विट’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,७४९ जणांपैकी ज्यांना फॉलिक आम्ल आणि बी-१२ दिलं त्यांचं होमोसिस्टीन २७ टक्क्यांनी उतरलं, पण पुढचे झटके कमी झाले नाहीत. त्याच वर्षी, २००६ मध्ये, ५,५२२ रुग्णांच्या ‘होप-२’ मध्येही एकूण फायदा दिसला नाही. पक्षाघात तेवढे थोडे कमी झाले. मग २०१५ मध्ये चीनची चाचणी आली. उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांत नुसतं एनालाप्रिल हे रक्तदाबाचं औषध घेणाऱ्यांमध्ये पहिल्या पक्षाघाताचं प्रमाण ३.४ टक्के, सोबत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेणाऱ्यांमध्ये २.७ टक्के. माझा कौल असा, की या निकालांत वरवर दिसतो तेवढा विरोध नाही. ‘होप-२’ चे बहुतेक रुग्ण अमेरिका आणि कॅनडातले होते, आणि तिथे १९९८ पासून पिठात फॉलिक आम्ल मिसळणं सक्तीचं आहे. चीनमधल्या त्या रुग्णांना तसं पीठ मिळत नव्हतं. ज्याच्याकडे कमतरताच नाही त्याला गोळी देऊन काय दिसणार?

जनुकांचा पुरावाही बघ. फोलेट वापरणारं विकर घडवणाऱ्या एमटीएचएफआर जनुकाच्या ६७७ टीटी प्रकारात (जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या) होमोसिस्टीन जन्मभर थोडं चढं राहतं, म्हणजे निसर्गानेच चाचणी लावून दिल्यासारखं. छापून आलेल्या अभ्यासांत या प्रकाराचा हृदयविकाराशी संबंध दिसायचा. २०१२ मध्ये अप्रकाशित माहिती एकत्र केली तेव्हा तो जवळपास नाहीसा झाला. नकारात्मक निकाल कपाटात राहतात, हे तुझ्या संदर्भ-आढाव्यात यायलाच हवं.

पुण्यात हा प्रश्न घेण्याला अर्थ आहे तो यासाठी. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की पुणे आणि आसपासच्या पुरुषांत बी-१२ ची कमतरता आणि चढं होमोसिस्टीन सर्रास आढळतं. पाश्चात्त्य चाचण्या फॉलिक आम्लाभोवती फिरतात. इथे मूळ दुखणं बी-१२ चं आहे. तुझ्या प्रस्तावाचं वेगळेपण हेच, आणि ते नवव्या पानावर दडलंय. पुढे आण.

आता रक्ताच्या नळीकडे. बहुतेक अभ्यास इथेच बिघडतात. नळीत गेल्यावरही लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात, आणि साध्या तापमानाला आकडा तासाला साधारण १० टक्के चढतो. समज, शहरातले नमुने जागच्या जागी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले आणि मुळशीकडच्या गावातले तीन तास गाडीतून आले. गावकऱ्याचे खरे २० मायक्रोमोल २६ होऊन येतील, आणि तू त्याचा दोष त्याच्या आहाराला देशील. म्हणून रक्त उपाशीपोटी, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घे, नळी लगेच बर्फात ठेव, तासाभराच्या आत ४ अंशांवर फिरव आणि प्लाझ्मा (पेशी बाजूला काढल्यावर उरणारा द्रव) वेगळा कर. सीरम नको, कारण गुठळी होईपर्यंत नळी बाहेर ठेवावी लागते. सेंट्रिफ्यूज गावात नेणं शक्य नसेल तर ते गाव यादीतून काढ. रक्त घेतल्याची आणि फिरवल्याची वेळ प्रत्येक नळीवर लिही. एकदा वेगळा झालेला प्लाझ्मा मात्र गोठवून निर्धास्त ठेवता येतो.

मोजणीत लक्षात ठेवायचं ते हे, की प्लाझ्मातलं ७० ते ८० टक्के होमोसिस्टीन प्रथिनांना डायसल्फाइड बंधाने चिकटलेलं असतं. टीसीईपी या बंध तोडणाऱ्या रसायनाने ते आधी सोडवायचं, मग ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाने प्रथिनं खाली बसवायची, मग ९.५ पीएचच्या बोरेट बफरमध्ये एसबीडी-एफ या चमक देणाऱ्या रसायनासोबत ६० अंशांवर तासभर ठेवायचं, आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ३८५ नॅनोमीटरला उत्तेजित करून ५१५ ला वाचायचं. टीसीईपीचं द्रावण शिळं असेल तर बंध पुरते सुटत नाहीत आणि सगळे आकडे गुपचूप खाली येतात. आलेख दिसायला सुरेख असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. प्रत्येक खेपेत एकाच साठ्यातल्या प्लाझ्माचे दोन नमुने लाव. खेपेखेपेतला फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर ती खेप रद्द. रुग्ण आणि नियंत्रण गट यांचे नमुने एकाच खेपेत मिसळून लाव.

पेशीसंवर्धनाचं प्रकरण तू गाळावंस असं मला वाटतं. ठेवणारच असशील तर मात्रा बदल. १ ते ५ मिलिमोल डीएल-होमोसिस्टीन ओतून एंडोथेलियमच्या (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) पेशी मरतात यात नवल नाही. ती मात्रा रक्तातल्या पातळीच्या पन्नासपटीपासून काही शेकडो पटींपर्यंत आहे. माध्यमात तांब्याचा अंश असला की होमोसिस्टीनचं ऑक्सिडेशन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि पेशी त्याने मरतात. तेवढ्याच मात्रेचं सिस्टीन घालून बघ. तिथेही पेशी मेल्या तर दोष दोन्हींत असलेल्या थायॉल (गंधक-हायड्रोजन) गटाचा, होमोसिस्टीनचा नव्हे.

माणसांच्या अभ्यासात सर्वांत फसवा घटक म्हणजे मूत्रपिंड. ते अधू झालं की होमोसिस्टीन चढतं, आणि ते अधू होतं अनेकदा रक्तवाहिन्यांच्याच आजाराने. म्हणजे आपण ज्याला कारण म्हणतोय तो परिणाम असू शकतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन प्रत्येकाचं मोज. बी-१२ सोबत फोलेट आणि होलोट्रान्सकोबालामिनही (पेशींना वापरता येणारं बी-१२) हवं. थायरॉइड, मेटफॉर्मिन, मेथोट्रेक्सेट आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घेतलेल्या ताकदीच्या गोळ्या यांची चौकशी कर. शेवटची गोष्ट लोक आपणहून सांगत नाहीत. झटक्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात पातळी खाली असते आणि काही आठवड्यांनी वर येते, तेव्हा नमुन्याची मुदत आधीच ठरव.

दंडाच्या धमनीची प्रसरण-चाचणी तू निवडलीस ते बरोबर. पण धमनी जेमतेम ४ मिलिमीटरची आणि पट्टा पाच मिनिटं आवळून सोडल्यावर तिचं प्रसरण ५ ते १० टक्के, म्हणजे ०.२ ते ०.४ मिलिमीटर. सोनोग्राफीचा प्रोब किंचित सरकला तरी तेवढा फरक पडतो, म्हणून तो हातात न धरता स्टँडला बांध. चाचणीआधी चहा, तंबाखू बंद, आणि बायकांना मिश्रीबद्दल वेगळं विचार. ‘तंबाखू खाता का’ याला नाही म्हणणारी बाई मिश्री लावत असू शकते.

नियंत्रण गटाला दोन वर्षं काहीच न देण्याचा आराखडा नीती समितीत टिकणार नाही, आणि टिकूही नये. बी-१२ कमी आहे हे कळल्यावर माणसाला तसंच ठेवता येत नाही, नसांना इजा होते. हातापायाला मुंग्या किंवा ठळक पांडुरोग असलेल्यांना चाचणीत घेऊच नकोस, थेट उपचाराला पाठव. उरलेल्यांत बारा आठवड्यांची तुलना ठेव, त्यानंतर दोन्ही गटांना बी-१२ दे, आणि मुख्य निष्कर्ष म्हणून झटके नव्हे तर धमनीचं प्रसरण मोज. एवढ्या मुदतीत आणि तुझ्या निधीत तेवढंच शक्य आहे. हा भाग आधी बदलून पाठव, बाकीचं मग बघू.