श्वासाचा पट्टा पहिल्यांदा लावताना

योगवर्गात मुलांच्या छाती-पोटाभोवती बांधून श्वास मोजणारा हा पट्टा लावशील, तेव्हा पहिला आठवडाभर त्यांना स्क्रीनवरचे आकडे दाखवूच नकोस. दुखणं जुनं असलेली पोरं आधीच स्वतःच्या शरीरावर पहारा ठेवून असतात. त्यात स्क्रीन दिसली की श्वास मुद्दाम ओढतात, खांदे कानाला टेकतात. कोथरूडच्या वर्गात मीही हीच चूक केली होती.

- पट्टा रोज एकाच जागी, घसरणार नाही इतपतच आवळ.
- आसनात हालचालीने आलेख बिघडतो. शवासनातली नोंदच धर.
- मिनिटाला ६ इतक्या संथ श्वासांचा हट्ट नको. उच्छ्वास जरा लांबला तरी पुष्कळ.

चक्कर आली, दुखणं वाढलं की लगेच थांब. डॉक्टरांना विचारलंयस ना?

(यंत्राला नाकं मुरडणाऱ्यांना सांग, लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासून योग प्रयोगशाळेत तपासतेय.) बाकी आलेख, गणितं दोन महिन्यांनी बघू.