शेवटची रात्र टेकापोला नको

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण (दोन मुलं, सासू-सासरे) न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर मोटरहोमने (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या भाड्याच्या गाडीने) फिरणार आहोत. शेवटचे तीन दिवस असे ठरवलेत : क्वीन्सटाउनहून निघून पहिली रात्र माउंट कुकला, दुसरी टेकापोला तारे बघायला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी 3 पर्यंत क्राइस्टचर्च विमानतळाजवळच्या डेपोत गाडी परत. नकाशा टेकापोहून तीन तास दाखवतो. जमेल ना? शिवाय संडासाची टाकी कुणी रिकामी करायची, यावरून घरात आत्तापासूनच वाद आहे. हे म्हणतात, शेवटच्या दिवशी कंपनीवर सोपवू.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल, पण सगळे एकमेकांवर चिडलेले असतील. मी क्राइस्टचर्चला राहते. डेपोच्या फाटकापाशी भांडणारी कुटुंबं बघून सांगतेय.

नकाशातले तीन तास छोट्या कारचे. साडेतीन टनांवरच्या गाडीला इथे ताशी 90 ची मर्यादा, आणि कँटरबरीच्या मैदानात वायव्येचा वारा सुटला की उंच गाडी अशी हलते की आपणहूनच वेग कमी होतो. त्यातून नोव्हेंबरात टेकापोला सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमाराला. तारे दिसण्याइतका अंधार पडेपर्यंत साडेदहा वाजतात. म्हणजे मुलं झोपणार बारानंतर, आणि हॉलिडे पार्कची, म्हणजे मोटरहोम रात्री उभी करायच्या मुक्कामाची, जागा सकाळी 10 ला सोडायची. मग बॅगा कधी भरणार?

तारे पहिल्याच रात्री माउंट कुकला बघा. 2012 साली जाहीर झालेलं डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा अंधार जपलेला प्रदेश) दोन्हीकडे एकच आहे, त्यात टेकापो आणि माउंट कुक दोन्ही येतात. तिथल्या व्हाइट हॉर्स हिलच्या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. विजेचा हीटर तिथे निरुपयोगी. गाडीत गॅसवर किंवा डिझेलवर चालणारा हीटर आहे ना, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. सासू-सासऱ्यांना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्यात चढवू नका, तो मुलांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात निघा. पुकाकी तलावाच्या काठाने येताना आरशात बघायचं, माउंट कुकचा डोंगर मागे आहे. टेकापोला जेवा, 1935 चं दगडी चर्च बघा, नशीब असेल तर ल्युपिन फुललेले असतील. आणि मग फेअरलीमार्गे जेराल्डीनला मुक्काम. तिथून विमानतळ दोन तासांच्या आत.

जेराल्डीनची संध्याकाळ फक्त आवरायची. पॉवर साइट (विजेची जोडणी असलेली जागा) घ्या, बॅगा गवतावर उघडा आणि एका वेळी एकानेच गाडीत जायचं. बाकीच्यांनी खुर्च्या टाकून चहा प्यावा. ओट्यावरचा हळदीचा डाग त्याच संध्याकाळी काढा. पांढऱ्या लॅमिनेटवर तो एक रात्र राहिला की सफाईचे पैसे मागतात. फोडणीही पार्कच्या स्वयंपाकघरात द्या, गाडीतला धुराचा अलार्म मोहरी तडतडायच्या आत ओरडतो.

आता संडासाची टाकी. बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची ती कॅसेट असते, साधारण अठरा-वीस लिटरची. सहा माणसांत ती दीड दिवसात भरते, तेव्हा ‘शेवटच्या दिवशी कंपनी’ हा प्रश्नच उरत नाही. भरलेली परत केली तर बहुतेक कंपन्या दंडही लावतात. डम्प स्टेशनवर, म्हणजे ती ओतायच्या ठरलेल्या जागी न्यायची, तोटी फिरवायची, आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं. ते विसरलं की गुळगुळ करत अंगावर उडतं. सिंकचं पाणी वेगळ्या पाइपने, तिथेच सोडायचं. रस्त्याकडेच्या गटारात चुकूनही नाही.

कुणी करायचं? माझा निकाल : जो गाडी चालवत नाही, त्या धडधाकट माणसाने. बहुधा तुम्हीच. पण मग रात्रीची भांडी ह्यांच्याकडे, रोज.

प्रश्न : उरलेला तांदूळ, तेल, मीठ टाकून द्यायचं जिवावर येतं. परत आणावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नको. हॉलिडे पार्कच्या स्वयंपाकघरात एक फळी असते, जाणाऱ्यांनी ठेवायचं, येणाऱ्यांनी घ्यायचं. तांदूळ, पास्ता, अर्धी तेलाची बाटली तिथे सहज खपते. गोडा मसाला ठेवलात तर डब्यावर काय आहे ते लिहा. आणि फळी पहिल्याच मुक्कामाला बघा. मीठ, साखर विकत घ्यावी लागणार नाही.

एक न विचारलेलं : न्यूझीलंडात डिझेलच्या गाड्यांचा रस्ताकर पंपावर भरला जात नाही, किलोमीटरवर आकारला जातो. तो बऱ्याचदा गाडी परत करताना बिलात येतो. तेवढे पैसे कार्डावर शिल्लक ठेवा, आणि डेपोजवळच्या पंपावर डिझेलची टाकी भरल्याची पावती टाकून देऊ नका.